मदत हवी आहे: इन्सुलिन सोडायचा आणि बनवायचा सिग्नल एकच असतो का?

नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोकेमच्या पहिल्या वर्षाला आहे, सोमवारी सेमिनार आहे आणि बीटा सेलपाशी (स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी पेशी) गाडं अडलंय.

सोडायचा भाग कळलाय, म्हणजे बघा, ग्लुकोज आत शिरलं, ग्लुकोकायनेज या एन्झाइमने त्याला फॉस्फेट लावला, पुढे एटीपी (पेशीचं इंधन) वाढला, मग केएटीपी चॅनल (पोटॅशियम बाहेर जायची वाट) बंद, पोटॅशियम आतच अडकलं, पेशी डिपोलराइज (पडद्याच्या आतबाहेरचा विजेचा फरक कमी), कॅल्शियम आत आणि तयार ग्रॅन्युल्स (इन्सुलिनच्या पिशव्या) पडद्याला चिकटून इन्सुलिन बाहेर. बाबांची ग्लिमेपिराइडची (डायबेटिसची) गोळी हाच चॅनल बंद करते, तेही साखर कमी असली तरी, म्हणून तर ती घेऊन जेवण चुकवायचं नाही! हे कळलं तेव्हा भारी वाटलं.

पण बनवायचं काय? पीडीएक्स-१, मॅफ-ए वगैरे प्रोटीन्स इन्सुलिन जीनच्या प्रमोटरवर (जीन चालू करायच्या जागेवर) बसतात हे ठीक, पण पुस्तक म्हणतं की साखर वाढल्यावर पहिल्या तासाभरात आधीच्याच एमआरएनएवरून (जीनची नक्कल) प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं आधीचं रूप) जास्त बनतं, जीनचं काम नंतर. मग रायबोसोमला (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) निरोप कोण देतं, तेच कॅल्शियम की ग्लुकोजच्या मेटाबोलिझममधलं दुसरंच काहीतरी? आणि गोळीने नुसता चॅनल बंद केला तर सोडणं वाढेल, पण बनवणंही तितकंच वाढेल का?

सरांना विचारलं तर "वाच जरा" म्हणाले, वाचूनच तर घोळ झालाय. प्रोइन्सुलिनमधून सी-पेप्टाइड कापलं जातं वगैरे येतं मला, ते नका सांगू. कुणी बीटा सेलवर काम केलं असेल तर प्लीज सोप्या भाषेत सांगा, रविवार रात्रीपर्यंत चालेल.