मदत हवी आहे: नेटवर्क ड्रायव्हर बंद करताना होणारा डेडलॉक, आणि तो सुरक्षा-दोष मानावा का?

लिनक्स कर्नलमधील एका नेटवर्क ड्रायव्हरची देखभाल माझ्याकडे आहे. त्यात सापडलेल्या डेडलॉकबाबत (दोन कामे एकमेकांची वाट पाहत कायमची अडकणे) जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पाठवण्याची रांग अडकली की कर्नलचा वॉचडॉग (रांगेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) ड्रायव्हरचे एक फंक्शन बोलावून टाइमआउट कळवतो. हा कॉलबॅक टायमरमधून येत असल्यामुळे तिथे झोपता, म्हणजे थांबून वाट पाहता, येत नाही, म्हणून कार्ड रीसेट करण्याचे काम आम्ही वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकतो आणि ते काम सुरुवातीलाच आरटीएनएल लॉक, म्हणजे नेटवर्क इंटरफेसमधील बदलांसाठीचे कर्नलचे सामाईक कुलूप, मागते. इंटरफेस डाउन करताना मात्र कर्नल हाच लॉक आधी घेऊन आमचे स्टॉप फंक्शन चालवतो, आणि ते फंक्शन कॅन्सल-वर्क-सिंकद्वारे (काम रद्द करणारे कर्नलचे फंक्शन) चालू रीसेट संपण्याची वाट पाहते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की काम लॉकसाठी खोळंबते, लॉक धरणारा कामासाठी खोळंबतो आणि कोणीच सुटत नाही.

त्यानंतर इंटरफेसमध्ये बदल करू पाहणारी प्रत्येक कमांड 'डी' स्थितीत (मध्येच थांबवता न येणारी प्रतीक्षा) अडकते, सिगकिल या सक्तीने बंद करणाऱ्या सिग्नललाही दाद देत नाही, आणि १२० सेकंदांनी लॉगमध्ये हंग टास्कचा (अडकलेल्या प्रक्रियेचा) संदेश उमटतो. दुसऱ्या कार्डावर आधीच उघडलेले एसएसएच (दूरस्थ लॉगिन) सत्र मात्र व्यवस्थित चालते, कारण पॅकेटच्या वाटेवर हा लॉक लागत नाही. त्यामुळे मी बराच वेळ भलत्याच ठिकाणी दोष शोधत होतो. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारे कर्नलचे साधन) चालू केल्यावर, प्रत्यक्ष डेडलॉक न होताही, सर्क्युलर डिपेंडन्सीचा (एकमेकांवर फिरून अवलंबून असण्याचा) इशारा मिळाला.

दुरुस्तीचे दोन मार्ग दिसतात. कामात ट्रायलॉक (वाट न पाहता लॉक घेण्याचा प्रयत्न) वापरून, लॉक न मिळाल्यास काम पुन्हा रांगेत टाकणे हा पहिला. दुसरा मला अधिक स्वच्छ वाटतो: स्टॉपमधून वाट पाहणे काढायचे, कामाने लॉक मिळाल्यावर इंटरफेस चालू आहे का ते तपासायचे, आणि ड्रायव्हर काढताना, डिव्हाइसची नोंदणी रद्द झाल्यावर पण मेमरी मोकळी करण्यापूर्वी, काम रद्द करायचे. मात्र इंटरफेस बंद होऊन लगेच पुन्हा चालू झाला, तर जुने काम निरोगी कार्ड विनाकारण रीसेट करील. हे कसे टाळावे? रीसेट हवा असल्याचा फ्लॅग ठेवून तो स्टॉपमध्ये पुसणे पुरेसे आहे का?

इंटरफेस डाउन करायला नेट-ॲडमिन (नेटवर्क-व्यवस्थापनाचा) अधिकार लागतो आणि प्रत्यक्ष कार्ड सहसा मूळ नेमस्पेसमध्येच (कर्नलने वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्क-कप्प्यांपैकी मुख्य कप्प्यात) असते, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला हा डेडलॉक थेट घडवता येत नाही. तरीही कार्ड कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये दिले असल्यास आतील प्रशासक संपूर्ण यंत्राचे नेटवर्क-व्यवस्थापन ठप्प करू शकेल, अशी मला काळजी वाटते. अशा वेळी पॅच थेट सार्वजनिक मेलिंग यादीवर पाठवावा, की आधी कर्नलच्या सुरक्षा पथकाला खासगीत कळवावे?