शब्दचर्चा : 'क्रुसेड'ला 'धर्मयुद्ध' म्हणावे का?

प्रश्न :
मध्ययुगीन युरोपवरचा एक लेख मराठीत आणतो आहे. 'क्रुसेड'साठी, म्हणजे पोपच्या हाकेवरून निघालेल्या ख्रिस्ती लष्करी मोहिमांसाठी, सगळीकडे 'धर्मयुद्ध' दिसते. पण कुरुक्षेत्रालाही आपण तेच म्हणतो. एकच शब्द दोन्हीकडे चालेल का?

प्रतिसाद १ :
चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या 'धर्मयुद्धा'तला धर्म म्हणजे पंथ नव्हे, तर न्याय आणि नीती. 'धर्म्याद्धि युद्धात्' असे गीता म्हणते ते याच अर्थाने. भीष्मपर्वात तर लढाईआधी दोन्ही पक्ष नियम ठरवतात : शस्त्र गळालेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर वार करायचा नाही. नंतर ते नियम मोडले गेले, पण मोडले असे महाभारतच सांगते. आता १५ जुलै १०९९ आठवा. पहिल्या क्रुसेडच्या फौजेने जेरुसलेम घेतले आणि शहरातल्या मुसलमानांची, ज्यूंची कत्तल झाली. तिला धर्मयुद्ध म्हटले की न्यायाचा शिक्का आपणच मारून देतो.

गंमत म्हणजे १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने फ्रान्समधल्या क्लेरमाँला हाक दिली, तेव्हा 'क्रुसेड' हा शब्दच नव्हता. त्या काळच्या लॅटिन लिखाणात या मोहिमेला चक्क 'यात्रा' म्हटले आहे. निघणारा माणूस अंगावर कापडी क्रूस शिवून घेई, म्हणून तो 'क्रूसांकित'. पुढचा शब्द या खुणेवरून आला.

प्रतिसाद २ :
पटते, पण 'धर्मयुद्ध' रुळलेला आहे. 'धर्माच्या नावाने झालेले युद्ध' हा अर्थही मराठीने स्वीकारलाच आहे. तो काढला तर वाचक अडखळेल.

प्रतिसाद १ :
रुळला आहे हे खरे. तरी १२०४ चे काय कराल? चौथ्या क्रुसेडची फौज इजिप्तकडे जायची ती कॉन्स्टॅन्टिनोपलवर गेली आणि ख्रिस्त्यांनी ख्रिस्ती नगरी लुटली. १२०९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कॅथर पंथीयांवरही, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथावरही, क्रुसेड निघाले. 'ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धे' या व्याख्येत हे दोन्ही बसत नाहीत. म्हणून मूळ शब्दच ठेवा : पहिले क्रुसेड, तिसरे क्रुसेड. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करा. 'क्रूसयुद्ध'ही चालेल, मात्र 'क्रूसवीर' नको. 'वीर' म्हटले की पुन्हा निवाडा आला.

प्रतिसाद ३ :
दुसऱ्या बाजूचा शब्दही पाहायला हवा. त्या काळच्या अरबी इतिहासकारांनी या लोकांना 'फ्रंज' म्हटले, म्हणजे फ्रँक, पश्चिम युरोपातले लोक. सुलतान सलाहुद्दीनने ११८७ मध्ये हित्तीनच्या लढाईत हरवले ते फ्रंज. 'सलीबी युद्धे', म्हणजे क्रूसाची युद्धे, हे आज रूढ असलेले अरबी नाव पुष्कळ नंतरचे, एकोणिसाव्या शतकातले. हाच 'फ्रंज' फारसीत 'फरंग' झाला आणि मराठीत 'फिरंगी' म्हणून उतरला. पोर्तुगीज ते फिरंगी, त्यांच्या ताब्यातला मुलूख फिरंगाण, युरोपी पात्याची तलवार फिरंग. लेखात अरबी साधने उद्धृत करणार असाल तर तिथे 'क्रुसेडर' घालू नका, 'फ्रँक'च लिहा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. लेखात 'क्रुसेड' ठेवतो, अरबी उताऱ्यांत 'फ्रँक'. एक शंका उरली : 'व्यसनमुक्तीचे क्रुसेड' असे वर्तमानपत्रात येते, तिथे?

प्रतिसाद २ :
तिथे सरळ 'मोहीम'.