परदेश प्रवासाच्या तिकिटातील कोणती माहिती कस्टम्सकडे जाते आणि ती दुरुस्त करता येते का?

खाडीकिनारा (ठाणे)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातील अकरा जण मुंबईहून दुबईला, माझ्या धाकट्या दिरांकडे जाणार आहोत. घरात तिकिटे काढण्याचे काम माझ्याकडे असते आणि सोय म्हणून सर्वांसाठी माझाच मोबाईल क्रमांक, माझाच ई-मेल आणि यजमानांचे क्रेडिट कार्ड दिले जाते. या वेळी मात्र एजंटांनी प्रत्येक मोठ्या माणसाचा स्वतंत्र क्रमांक मागितला, आणि कारण विचारल्यावर "आता हे सगळे कस्टम्सकडे जाते" एवढेच सांगितले.

पासपोर्ट तपासला जातो हे मी समजू शकते. देशात कोण आले आणि देशाबाहेर कोण गेले, हे सरकारला ठाऊक असलेच पाहिजे. परंतु पैसे कोणत्या कार्डावरून भरले, कोण कोणाशेजारी बसले, सासूबाईंना व्हीलचेअर लागते की नाही, जाऊबाईंनी जैन जेवण मागितले की नाही, यांचा सीमाशुल्काशी काय संबंध आहे, हे मला उमगत नाही. कोणती माहिती जाते, ती कोण पाहते, किती वर्षे ठेवली जाते आणि तीत चूक राहिली असेल तर ती दुरुस्त कोणी करायची, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तिकीटघर (पुणे)

ताई, मी बरीच वर्षे तिकीट आरक्षणाच्या व्यवसायात आहे, म्हणून माहिती तयार कशी होते तेवढे सांगतो. कायद्याचे इतर कोणी सांगतील.

सरकारकडे दोन वेगवेगळ्या वाटांनी माहिती जाते आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली वाट चेक-इनच्या वेळची. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन यंत्रवाच्य ओळी असतात, त्यांतील नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि नागरिकत्व हे एपीआयएस या, प्रवाशांची माहिती आगाऊ पाठवणाऱ्या व्यवस्थेतून इमिग्रेशनला कळते. ही माहिती सरकारी दस्तऐवजातून आलेली असल्यामुळे सहसा अचूक असते. दुसरी वाट आरक्षणाच्या नोंदीची, म्हणजे पीएनआरची. ही नोंद एजंट, विमान कंपनी किंवा आपण स्वतः संकेतस्थळावर टंकतो, आणि तीत लिहिलेले खरे आहे का हे कोणीही तपासत नाही. आपला प्रश्न या दुसऱ्या वाटेचा आहे.

पीएनआरमध्ये नाव आणि प्रवासमार्गाखेरीज तिकीट कधी काढले, पैसे कसे भरले, संपर्क क्रमांक, एजन्सीचे नाव, आसन, सामान, विमान कंपनीच्या सदस्यत्वाचा क्रमांक आणि सेवांच्या मागण्या असतात. या मागण्या ठराविक चार अक्षरांत लिहिल्या जातात. जैन जेवणासाठी व्हीजेएमएल, हिंदू पद्धतीच्या जेवणासाठी एचएनएमएल, मुस्लिम पद्धतीच्या जेवणासाठी एमओएमएल. व्हीलचेअरचे तर प्रकारही वेगळे नोंदवावे लागतात: पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही अशा प्रवाशासाठी डब्ल्यूसीएचआर, आणि अगदी आसनापर्यंत न्यावे लागणाऱ्यासाठी डब्ल्यूसीएचसी. म्हणजे ती चार अक्षरे वाचणाऱ्याला सासूबाईंच्या प्रकृतीचा अंदाज येतो. शिवाय एखादी गोष्ट नंतर रद्द केली किंवा बदलली, तरी आधीची नोंद पीएनआरच्या इतिहासात राहतेच.

आता स्वतंत्र क्रमांकाचे कारण. अनेक एजन्सी वर्षानुवर्षे प्रवाशाच्या जागी स्वतःच्याच कार्यालयाचा क्रमांक घालत आल्या आहेत, जेणेकरून विमान कंपनीचा निरोप आपल्याकडे यावा आणि ग्राहक हातचा जाऊ नये. त्याचा परिणाम असा होतो की एकमेकांना मुळीच न ओळखणारे शेकडो प्रवासी एकाच क्रमांकाने, कधी एकाच कार्डाने, जोडलेले दिसतात. त्यांतील एखादा तस्करीत सापडला तर उरलेल्यांच्या नोंदीवर त्याची सावली पडू शकते. प्रवाशाचा स्वतःचा मोबाईल सीटीसीएम या रकान्यात आणि ई-मेल सीटीसीई या रकान्यात घालावा, त्यासाठी प्रवाशाला विचारावे, अशी एजंटांसाठी विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची (आयाटा) 2019 पासूनची सूचना आहे. आपल्या एजंटांनी ती पाळली, ही चांगली गोष्ट आहे.

जुना कस्टमवाला (मुंबई)

मी सीमाशुल्क सेवेतून निवृत्त झालो आहे. वरील माहिती बरोबर आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला काय होते ते मी सांगतो.

कायदेशीर पाया असा आहे. वित्त अधिनियम, 2017 ने सीमाशुल्क अधिनियम, 1962 मध्ये कलम 30अ आणि 41अ ही भर घातली आणि येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाशांची पीएनआर माहिती देण्याचे बंधन विमान कंपन्यांवर आले. प्रत्यक्ष नियमावली केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 8 ऑगस्ट 2022 रोजी अधिसूचित केली. तिच्यानुसार ही माहिती 'राष्ट्रीय सीमाशुल्क लक्ष्यन केंद्र – प्रवासी' या केंद्राकडे उड्डाणाच्या 24 तास आधीपर्यंत पोहोचवायची असते आणि न पोहोचवल्यास प्रत्येक कसुरीसाठी कंपनीला 25 हजार ते 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बंधन फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांना आहे. मुंबई-नागपूर प्रवासाची माहिती यात जात नाही. नियमावली 2022 ची असली तरी कंपन्यांची नोंदणी आणि प्रत्यक्ष जोडणी 2025 मध्ये मार्गी लागली, म्हणून एजंट मंडळी आता याविषयी बोलू लागली आहेत. ही भारताने एकट्याने काढलेली कल्पनाही नाही. परदेशी दहशतवादी लढवय्यांच्या संदर्भात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर 2017 मध्ये संमत केलेल्या ठराव क्रमांक 2396 ने सर्व सदस्य देशांना अशी यंत्रणा उभारण्यास सांगितले आहे.

ही माहिती कशासाठी लागते, हे ग्रीन चॅनलपाशी, म्हणजे शुल्क लागणारे काही जाहीर करायचे नसलेल्या प्रवाशांच्या वाटेपाशी, उभे राहिल्याशिवाय पुरते कळत नाही. रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान आखाती देशांतून विमानामागून विमान उतरते. समोरून शेकडो माणसे थकलेल्या चेहऱ्याने ट्रॉली ढकलत येत असतात आणि अधिकाऱ्याला काही क्षणांत ठरवावे लागते की कोणाला बाजूला घ्यायचे. पूर्वी हा निर्णय चालण्यावरून, नजरेवरून, कपड्यांवरून होत असे. त्यात अनुभव असे, तसा पूर्वग्रहही असे, आणि त्याचा त्रास बहुतेक वेळा साध्या कामगारवर्गाला होई. पीएनआरमुळे वेगळे प्रश्न विचारता येतात: तिकीट आदल्या रात्री रोखीने काढले आहे का, जाणे-येणे दोन दिवसांचे असून मार्ग विनाकारण वळसा घालून आहे का, याच कार्डावरून गेल्या महिन्यात पकडलेल्या माणसाचे तिकीट निघाले होते का. जुलै 2024 मध्ये सोन्यावरील आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले, तरी लपवून आणलेले सोने सापडणे थांबले नाही, आणि बँकॉकहून येणाऱ्या हायड्रोपोनिक (मातीविना वाढवलेल्या) गांजाने मुंबईत नवीनच डोकेदुखी निर्माण केली. हा माल वाहणारी माणसे बहुधा पैशांसाठी वापरली गेलेली असतात. त्यांना पाठवणारा विमानात नसतो, तो तिकिटाच्या पैशात आणि फोन क्रमांकात असतो. म्हणून कार्डाचा सीमाशुल्काशी संबंध आहे.

जेवण आणि व्हीलचेअरबद्दल: वंश, धर्म, श्रद्धा, आरोग्य, लैंगिक जीवन इत्यादी उघड होईल अशी प्रक्रिया या माहितीवर करण्यास नियमावलीने स्पष्ट मनाई केली आहे. यंत्रणेचे दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण आणि सुरक्षा परीक्षण करण्याचीही तरतूद आहे.

कायदेवाचक (नागपूर)

वरील प्रतिसादातील तपास यंत्रणेची गरज मला मान्य आहे, आणि चेहऱ्यावरून संशय घेण्यापेक्षा नोंदीवरून घेणे बरे, हेही मान्य आहे. माझा आक्षेप गरजेला नसून, माहिती घेतल्यानंतर नागरिकाला कुठेच जागा ठेवलेली नाही, याला आहे.

प्रथम कालावधी. माहिती पाच वर्षे ठेवता येते. चौकशी किंवा खटल्यासाठी लागत असेल तर त्याहूनही अधिक. पाच वर्षांनंतर ती नष्ट होत नाही, नाव झाकून ठेवली जाते, आणि एखाद्या प्रकरणात गरज भासल्यास झाकलेले नाव पुन्हा उघडता येते. युरोपीय संघाच्या 2016 च्या निर्देशातही पाच वर्षांचाच काळ आहे, परंतु तेथे सहा महिन्यांनीच ओळख झाकावी लागते. तरीही बेल्जियममधून आलेल्या एका प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने 21 जून 2022 रोजी असे ठरवले की ज्या प्रवाशाविरुद्ध धोका दर्शवणारे काहीही वस्तुनिष्ठ आढळलेले नाही, त्याची माहिती सहा महिन्यांपलीकडे सरसकट ठेवता येणार नाही. त्याच निकालपत्रात एक आकडा आहे, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. 2018 आणि 2019 मध्ये यंत्राने संशयित म्हणून पुढे काढलेल्या दर सहा जणांपैकी किमान पाच जणांविषयीचा संशय माणसाने तपासल्यावर चुकीचा ठरला होता. म्हणूनच प्रत्येक जुळणी माणसाने पारखलीच पाहिजे, असा आग्रह न्यायालयाने धरला.

दुसरा मुद्दा संवेदनशील माहितीचा. मनाई आहे ती प्रक्रिया करण्यास, पाठवण्यास नाही. पाठवायच्या माहितीच्या यादीत सेवांच्या मागण्यांचा रकाना समाविष्टच आहे. जे वापरायचेच नाही ते विमान कंपनीकडेच गाळून घेतले असते, तर जाऊबाईंचे जेवण सरकारी साठ्यात गेलेच नसते. शिवाय ही माहिती इतर तपास यंत्रणांना, अन्य सरकारी विभागांना आणि परराष्ट्रांनाही प्रकरणानुसार देता येते. ती देताना गरजेपुरतीच द्यावी असे बंधन आहे हे खरे, परंतु आपली माहिती कोणाला दिली हे प्रवाशाला कधीच कळवले जात नाही.

तिसरा आणि सर्वांत मोठा मुद्दा दुरुस्तीचा. प्रवाशाने आपली नोंद पाहावी, तीत चूक असेल तर सुधारून घ्यावी, अशी एकही तरतूद 2022 च्या नियमावलीत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे, पण त्याच कायद्याच्या कलम 17 ने गुन्ह्यांचा प्रतिबंध, शोध आणि तपास यांसाठी हाताळलेल्या माहितीला या हक्कांतून वगळले आहे. उरते ते फक्त माहिती सुरक्षित ठेवण्याचे बंधन. माहिती अधिकारात अर्ज करावा तर तपासात अडथळा येईल, हे नकाराचे कारण कलम 8 मध्ये तयारच आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. त्या हक्कावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, वाजवी हेतू हवा आणि साधन हेतूच्या प्रमाणात हवे, हे त्या निर्णयाने स्पष्ट केले. पहिल्या दोन गोष्टी येथे आहेत. तिसरीविषयी मला गंभीर शंका आहे.

तिकीटघर यांनी सांगितलेली गोष्ट याच ठिकाणी जड होते. नोंद दुसऱ्याच कोणीतरी, कोणतीही पडताळणी न करता टंकलेली असते, आणि जिच्यावरून संशय घेतला जाईल ती नोंद संशयिताला दाखवली जात नाही. गुप्तवार्ता उघड करा असे कोणीच म्हणत नाही. संशयाचे निकष गुप्त राहू द्यावेत; पण माझे नाव, माझा क्रमांक आणि माझे कार्ड माझ्याच नावापुढे आहे की नाही, एवढे पाहण्याची सोय देण्याने कोणता तपास बिघडणार आहे?

खाडीकिनारा (ठाणे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्डाचा संबंध आता समजला आणि दुरुस्तीची सोय नसल्याचे वाचून काळजीही वाटली. दोनच गोष्टी विचारते. तिकीट काढण्यापूर्वी मी नेमके काय पाहून घ्यावे? आणि परतताना आमच्यापैकी कोणाला थांबवलेच, तर काय करावे?

जुना कस्टमवाला (मुंबई)

थांबवणे म्हणजे आरोप नव्हे, हे घरातील ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे. सामान एक्स-रेमधून जाईल, प्रश्न विचारले जातील, शांतपणे खरी उत्तरे द्यावीत. शुल्कमुक्त मर्यादेपेक्षा जास्त काही आणत असाल तर सरळ रेड चॅनलने जाऊन जाहीर करावे आणि खरेदीच्या पावत्या हाताशी ठेवाव्यात. येथून अंगावर जास्त दागिने घालून जाणार असाल तर जाण्यापूर्वीच विमानतळावर निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना ते दागिने येथलेच होते हे सिद्ध करत बसावे लागत नाही. अंगझडतीची वेळ आली तर सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम 102 प्रमाणे राजपत्रित सीमाशुल्क अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याची मागणी करता येते, झडतीला पंच लागतात, आणि स्त्रीची झडती स्त्रीच घेऊ शकते. ही मागणी करण्यात उद्धटपणा नाही. आमच्या काळी चांगले अधिकारी ती स्वतःहून सांगत.

कायदेवाचक यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नाव आणि संपर्क एवढे दाखवण्याने तपासाला बाध येईल असे मलाही वाटत नाही.

तिकीटघर (पुणे)

ताई, अकरा प्रवासी असल्यामुळे आपले आरक्षण बहुधा दोन पीएनआरमध्ये विभागले जाईल, कारण सर्वसाधारण आरक्षणात एका पीएनआरमध्ये नऊच जण बसतात. दोन्हींचे सहा अक्षरी क्रमांक एजंटांकडून मागून घ्यावेत आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहावेत. नावे पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तशीच आहेत का, आडनाव आणि नाव यांची अदलाबदल झालेली नाही ना, संपर्काच्या जागी एजन्सीचा क्रमांक राहिलेला नाही ना, हे तपासावे. मुलांसाठी आई-वडिलांचा क्रमांक चालतो. यजमानांच्या कार्डाने सर्वांचे पैसे भरायला काहीच हरकत नाही, कारण एकाच आडनावाचे, एकाच दिवशी जाणारे-येणारे कुटुंब नोंदीत कुटुंबासारखेच दिसते. फक्त एजन्सीच्या कार्डाने पैसे भरून आपण त्यांना रोख देणे टाळावे. सासूबाईंची व्हीलचेअर आणि जाऊबाईंचे जेवण मात्र या भीतीपोटी मुळीच काढून टाकू नये. दुरुस्ती असेल तर ती तिकीट निघण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण तिकीट निघाल्यावर नावातील एका अक्षरासाठीही कंपनीची परवानगी आणि बहुतेक वेळा पैसे लागतात, आणि उड्डाणाला 24 तास उरले की चुकीची नोंद पुढे गेलेली असते.