गोव्यात राहून जपानवर पीएच.डी.: विषय सुचवा

फोंड्याची:
नमस्कार मंडळी. इतिहासात एम.ए. झालंय. जपानी भाषेची एन४ परीक्षा (पाच पातळ्यांतली खालून दुसरी) पुण्याला जाऊन दिली, पास आहे. पीएच.डी.च्या प्रस्तावात 'मांगा (जपानी चित्रकथा) आणि भारतीय तरुण' असं लिहून दिलं होतं. सरांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे दिल्लीत बसूनही होईल. तू गोव्यात काय करतेस?" वर विभागाचं एक दिवसाचं चर्चासत्र माझ्याच गळ्यात. विषय सुचवा, काय वाचू ते सांगा. आई रोज विचारते, जपानचें शिकून खंय नोकरी मेळटली? त्यावर उत्तर असेल तर तेही चालेल.

कागदकिडा:
सर बरोबर बोलले. गोव्यात बसून तोक्योवर लिहायचं म्हणजे मांडवीकाठी बसून डबाबंद मासे खाणं.

कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस (काही जण याजिरो म्हणतात) खून करून पळाला. 1547 मध्ये त्याची मलाक्यात जेझुइट संघाचा पाद्री फ्रान्सिस झेवियर याच्याशी गाठ पडली. 1548 मध्ये जुन्या गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, नाव पडलं पाउलो दे सांता फे. त्याला सोबत घेऊन झेवियर 15 ऑगस्ट 1549 ला कागोशिमाला उतरला.

खरी मजा पुढे. 'देव' या शब्दाला जपानीत काय म्हणायचं? अंजिरोच्या भरवशावर झेवियर 'दाइनिची' म्हणत राहिला, आणि दाइनिची म्हणजे शिंगोन या बौद्ध पंथाचा वैरोचन बुद्ध! घोटाळा लक्षात आल्यावर त्याने तो शब्द टाकला आणि लॅटिन 'देउस' धरला. लोकांनाही हे पाद्री म्हणजे तेंजिकुहून, म्हणजे भारतातून, आलेला बुद्धाचाच नवा पंथ वाटला. 1552 च्या यामागुचीच्या सनदेत तर हे लोक बुद्धधर्माच्या उत्कर्षासाठी आले आहेत असंच लिहिलंय.

आता गोव्यातल्या साष्टीत ये. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी काव्य, 1616, रायतूर. स्वर्गासाठी तो सरळ 'वैकुंठ' लिहितो. तिकडे स्थानिक शब्द वापरून तोंड पोळलं, इकडे त्याच जेझुइट संघाचा माणूस पुढच्या पिढीत स्थानिक शब्द बेधडक घेतो. का? मला विचारशील तर प्रबंध हाच आहे.

पूर्वाश्रमीचा_पुणेकर:
विषय फक्कड, पण एन४ वर नाही चालणार. निदान एन२ गाठ. परीक्षा जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. डिसेंबरची धरलीस तर झेवियरच्या फेस्ताच्या आगेमागे गोव्यातून बाहेर पडायचं तिकीट आधीच काढून ठेव, हे अनुभवाचे बोल.

एक सोय आहे. जुनी जपानी हस्तलिखितं वाचायला कुझुशिजी, म्हणजे मोडीसारखी पळती लिपी, शिकावी लागते आणि त्यात वर्षं जातात. पण जेझुइटांनी जपानी मजकूर रोमन लिपीत छापला. 1592 चं आमाकुसाचं हेइके (योद्ध्यांची जुनी कथा), पाठोपाठ 1593 चा इसोप (इसापनीती), दोन्ही त्या काळच्या बोलीभाषेत. दोन्हींची एकुलती एक प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे, पण तिची छायाचित्रं जपानच्या राष्ट्रीय भाषासंस्थेने संकेतस्थळावर ठेवली आहेत. आपल्याकडे क्रिस्तपुराणही रोमन लिपीतच छापलं गेलं. रोमी (रोमन लिपीतली कोकणी) वाचायची सवय असलेल्या गोवेकराला ही पानं पुणेकरापेक्षा लवकर उलगडतील.

शोधनिबंधांसाठी साइनी आणि जे-स्टेज ही जपानी संकेतस्थळं बघ. जे-स्टेजवर बरंच फुकट मिळतं.

आल्तिनोवाला:
मी वेगळं म्हणतो. आधी पोर्तुगीज. जपानी पुढेही शिकता येईल, पण पोर्तुगीज येत नसेल तर पणजीच्या पुराभिलेखागारात नुसती धूळ खाशील. तिथली मोन्सांवची पुस्तकं म्हणजे लिस्बन आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यातला पत्रव्यवहार आहे. त्यात धर्मशास्त्र कमी, राजकारण आणि व्यापार जास्त. पाद्र्यांची पत्रं हवीत तर हस्तलिखितांच्या मागे लागण्याआधी योसेफ विकी या जेझुइट अभ्यासकाने संपादित केलेले 'दोकुमेंता इंदिका'चे, म्हणजे भारतातल्या जेझुइटांच्या पत्रांचे, 18 खंड चाळ. पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेपासून सुरुवात कर. मूळ कागद बघायचेच झाले तर जेझुइटांच्या रोमच्या दप्तरात 'गोवा' आणि 'जपान-चीन' असे वेगळे विभाग आहेत. तुझा विषय नेमका त्या दोन कपाटांच्या मधल्या फटीत आहे.

कागदकिडा:
@आल्तिनोवाला, मान्य. तरी धूळ खाल्ल्याशिवाय इतिहासकार होत नाही.

फोंड्याची:
बाप रे, इतकं! दाइनिची-वैकुंठ वाचून झोप उडाली. पण चर्चासत्राचं काय?

कागदकिडा:
व्याकरणांवर घे. जेझुइट रोद्रिगिशचं जपानी व्याकरण नागासाकीला 1604 ते 1608 मध्ये छापलं, स्टीफन्सचं कोकणी व्याकरण रायतूरला 1640 मध्ये, तो गेल्यावर. दोन्हींच्या नावाची सुरुवात 'आर्ते', दोन्हींचा साचा लॅटिन. आपल्या विभक्ती आणि जपानीतले 'वा', 'गा', 'नो' हे प्रत्ययासारखे शब्द त्या साच्यात कसे कोंबले, यावर कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज विभागांतून एकेक जण बोलला तरी दिवस भरेल. उद्घाटनाची भाषणं मात्र आखूड ठेव, नाहीतर समई विझेपर्यंत कोणी मुद्द्यावर येत नाही. दुपारी सगळ्यांना जुन्या गोव्यात ने. सेंट पॉल कॉलेजची कमान अजून उभी आहे. अंजिरो तिथेच शिकला.

पूर्वाश्रमीचा_पुणेकर:
चहाच्या वेळी पाव ठेवा. जपानीत त्याला 'पान' म्हणतात, शब्द त्याच पोर्तुगीजांचा. बुतांव, म्हणजे बटणही, तिकडे 'बोतान' आहे. आईला सांग, पुण्यात जपानी कंपन्यांना दुभाषे लागतात. आणि जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती बघ, दूतावासामार्फत अर्ज करता येतो. संशोधकांसाठी वय 35 च्या आत लागतं, तेव्हा फार घोळ घालू नकोस.

फोंड्याची:
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, पाव आपलोच मगो! सोमवारी सरांना भेटते. मांगाचं पान फाडलं, प्रस्ताव नव्याने लिहायला घेतलाय. पोर्तुगीजच्या वर्गाचीही चौकशी करते, @आल्तिनोवाला जिंकले.