बारावी आर्ट्स झालंय, नर्सिंगचा एक वर्षाचा कोर्स करू का?

देवगडकरीण
नमस्कार मंडळी. यंदा बारावी झाले, आर्ट्सने, 61 टक्के. घरी हापूसची थोडी कलमं आहेत पण त्यात थ्रिप्स कीड आली की वर्षाचं गणित बोंबलतं, म्हणून बाबा म्हणतात हातात काहीतरी पक्कं असू दे. मला नर्सिंग करायचंय, आजीला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात अ‍ॅडमिट केलेलं तेव्हा मी सोबत होते, तिथेच हे डोक्यात बसलं. आता तालुक्याला एक इन्स्टिट्यूटवाले म्हणतात एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा, 45 हजार फी, शंभर टक्के जॉब, आणि चार दिवसांत अर्धे पैसे भरा. भरू का? आणि या कामात मन रमतं का हो, की नुसतं बेडपॅनच उचलायचं? रागावू नका कोणी.

खाडीपलीकडे
थांब बाय, एक रुपया देऊ नको. त्यांना एवढंच विचार, कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होतं का. गोलगोल बोलायला लागले की उठून ये. माझ्या मामेबहिणीने असाच एक केला, आता सहा वर्षं दवाखान्यात सलाईन लावतेय पण पगार मावशीचा, आणि सरकारी जाहिरात निघाली की हिला फॉर्मच भरता येत नाही.
आर्ट्सवर एएनएम होतं, म्हणजे गावोगावी काम करणाऱ्या सहाय्यक नर्सचा कोर्स, दोन वर्षांचा. जीएनएमसुद्धा होतं, म्हणजे पूर्ण नर्सचा डिप्लोमा, तो तीन वर्षांचा, सायन्सवाल्यांना पसंती असते पण आर्ट्स चालतं, बारावीला इंग्रजी आणि 40 टक्के हवेत. थेट बीएस्सीला बायो वगैरे लागतं, पण जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत करता येतं. आणि कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः बघ, ऑफिसातल्या फ्रेमवर जाऊ नको.

उपकेंद्रवाली
मी एएनएम, 11 वर्षं झाली. मन रमतं का म्हणालीस म्हणून सांगते. लसीकरणाच्या दिवशी सकाळी फ्रीजरमधले आईसपॅक बाहेर काढून ठेवायचे आणि मधेमधे कानाशी धरून हलवायचे, आत पाणी खुळखुळलं की मगच कॅरियरमध्ये भरायचे, नाहीतर पेंटाची, म्हणजे बाळांना देतात ती पाच रोगांवरची लस गोठते आणि गोठलेली लस फुकट. मग तो डबा खांद्याला लावून घाटी चढायची, जुलैत, छत्री उलटी होते. वैताग आहेच, रजिस्टरं तर विचारूच नको, रिपोर्टिंगमध्ये अर्धा जीव जातो. पण वाडीत गेलं की ज्या पोराला बीसीजी दिलेली ते आता शाळेच्या दप्तरासकट मला बघून पळतं. मला हसायला येतं.
एएनएम कर, पण जमलं तर जीएनएमच कर गो, पुढे वाट जास्त मोकळी असते.

नाईटड्यूटी
जीएनएम, पुरुष आहे, हो आम्हीपण असतो आणि पेशंट आम्हालाही सिस्टरच हाक मारतात. पहिल्या नोकरीत एका खाजगी हॉस्पिटलने माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतली, सोडताना दीड वर्ष खेटे घातले, ती कुणाकडे देऊ नकोस कधी, झेरॉक्स दे.
बाकी बेडपॅनचं काय, उचलायचंच असतं. गेल्या लावणीच्या वेळी लेप्टोचा, म्हणजे पावसाळ्यात शेतातल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा पेशंट होता, डोळे हळदीसारखे, किडनी बसलेली, लघवीची पिशवी कोरडी. मी दर तासाला टॉर्च मारून बघत होतो. पहाटे चारच्या सुमाराला नळीत पिवळी रेघ दिसली, मोजली तर 30 मिली. बायको बाहेर बाकड्यावर झोपलेली, तिला उठवून सांगितलं तर तिला कळेचना की लघवी झाली यात एवढं सांगण्यासारखं काय.

देवगडकरीण
आत्ताच फोन केला. म्हणाले रजिस्ट्रेशन आमच्याच इन्स्टिट्यूटचं मिळतं, कौन्सिलचं लागत नाही. ठेवला फोन. बाबांना तुमचं सगळं वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले तीन वर्षं हॉस्टेलचं जेवण जेवशील काय गो तू, तुला तर माशाबिगर घास उतरत नाही. म्हणजे हो म्हणालेत बहुतेक. सरकारी जीएनएमचे फॉर्म कधी सुटतात, कोणी सांगेल का?