मदत हवी आहे: ३ टक्क्यांचा माणूस राष्ट्राध्यक्ष, श्रीलंकेतल्या म्हाताऱ्या मतदारांना काय वाटलं?

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना श्रीलंकेची २०२४ ची निवडणूक समजावून सांगायची आहे. अनुरा कुमारा दिसानायके यांना २०१९ मध्ये जेमतेम ३ टक्के मतं होती, २०२४ ला पहिल्या पसंतीचीच ४२ टक्के. निम्म्याच्या वर कोणीच गेलं नाही, म्हणून पहिले दोघं ठेवून बाकीच्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. तिथे असं पहिल्यांदाच झालं. एवढं मला सांगता येते.

अडते ते पुढे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतं एकदम बंद केली, भात बसला, चहा बसला, वर्षभरात पेट्रोलला रांगा. हे पोरांना लगेच पटते. इथे युरियाच्या गोणीसोबत नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारली तरी माणूस दिवसभर बोलतो! पण राग येणं वेगळं अन् मत देणं वेगळं. दिसानायके यांच्या जनता विमुक्ती पेरमुना पक्षानं १९७१ ला आणि पुन्हा १९८७ ते ८९ मध्ये सशस्त्र उठाव केले होते. ते दिवस पाहिलेले लोक, हा माणूस मतचाचण्यांत वर चढताना पाहून घाबरले नसतील काहून? की नातवांनी मन वळवलं?

कोणी तिकडे राहिलं असेल, तिथल्या शेतकऱ्यांशी बोललं असेल, तर सांगा बाप्पा. आकडे नको, ते आहेत. इंग्रजी लेखही चालेल, जरा सोपा पाहून द्या. अन् इथलं राजकारण यात आणू नका, त्यासाठी पारावर रोज सभा भरतेच.