ऑटोकॅड : प्रिंटमध्ये डायमेन्शन लाईन आउटलाईनएवढीच जाड येतेय, स्टाईलमध्ये काय बदलू?

कुपवाड_ड्राफ्टिंग
नमस्कार मंडळी, कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशन शॉपचं ड्रॉइंगचं काम बघतो. बेस प्लेट, ब्रॅकेट असली कामं, प्रिंट ए थ्रीवर. प्रिंटमध्ये डायमेन्शन लाईन (मापाची रेघ), एक्स्टेन्शन लाईन (कडेजवळून मापाच्या रेघेपर्यंत जाणारी) आणि प्लेटची कड सगळं एकाच जाडीचं येतंय. काल फिटर प्रिंट घेऊन आला, होलच्या शेजारी बोट ठेवून म्हणतो साहेब ही रेघ मापाची का कापायची, आणि खरंच बघून कळत नव्हतं. फाईल जुनी, हातोहात आलेली, डायमेन्शनची स्टाईल ऑटोकॅडमधली तयार आयएसओ-25, सगळी डायमेन्शनं लेयर झिरोवर. प्रॉपर्टीजमधून लाईनवेट (रेघेची जाडी) कमी केलं तर स्क्रीनवर बारीक दिसते पण प्रिंटला परत जाडच. सीटीबीत (कुठल्या रंगाची रेघ प्रिंटला किती जाड हे ठरवणारी फाईल) पांढऱ्याला 0.5 मिमी आहे. कायमचा उपाय सांगा, शेकडो शीटं आहेत.

मिरज_कॅड
दादा तुमच्या सीटीबीतच उत्तर आहे. स्टाईलच्या लाईन्स टॅबमध्ये रंग बायब्लॉक असतो, म्हणजे डायमेन्शन ज्या रंगाचं लाईन त्याच रंगाची. लेयर झिरो पांढरी, प्लेट पण पांढरी, सीटीबी रंग बघून दोघांना 0.5 लावणार, तिथं तुम्ही दिलेलं लाईनवेट कोण विचारतंय. डायमेन्शनला वेगळी लेयर करा, रंग लाल, सीटीबीत लालला 0.18 द्या. फक्त आकडे पण तेवढेच बारीक होतील, झेरॉक्समध्ये उडतात, म्हणून स्टाईलच्या टेक्स्ट टॅबमध्ये रंग हिरवा आणि हिरव्याला 0.25. आणि डायमेन्शनं डेफपॉइंट्स या ऑटोकॅडनं आपोआप केलेल्या लेयरवर चुकूनही टाकू नका, ती लेयर प्रिंटच होत नाही. निवडताना क्यूसिलेक्टमध्ये (एकाच प्रकारच्या वस्तू एकदम निवडायची कमांड) रोटेटेड आणि अलाइन्ड डायमेन्शन वेगवेगळी घ्यावी लागतात, रेडियस डायमीटर पण.

सातारा_जुना_ड्राफ्ट्समन
वरचं सगळं बरोबर. जाड आणि बारीक रेघेत किमान 2:1 फरक पाहिजे हे एसपी 46 मध्येच (भारतीय मानक ब्युरोचं ड्रॉइंगच्या नियमांचं पुस्तक) दिलंय, 0.5 ला 0.18 त्यात आरामात बसतं.
पण फिटर जिथं अडकला ती जागा वेगळी आहे, तिकडं जरा नीट बघा. आयएसओ-25 मध्ये एक्स्टेन्शन लाईन ऑब्जेक्टपासून फक्त 0.625 मिमी सोडून सुरू होते. कड 0.5 ची असली की त्यातलं 0.25 जाडीतच जातं, उरलेली फट प्रिंटरच्या शाईत बुजते, मग मापाची रेघ म्हणजे प्लेटचीच पुढं गेलेली कड वाटते. लाईन्स टॅबमध्येच ऑफसेट फ्रॉम ओरिजिन 1.5 करा. हे कागदावरचे मिमी आहेत, ओव्हरऑल स्केलनं ते आपोआप गुणले जातात, तुम्ही वेगळं गुणायचं नाही.
आणि एक, आयएसओ-25 मध्ये दशांशाला कॉमा असतो. 12,5 असं शॉपमध्ये गेलं तर कोण काय वाचेल सांगता येत नाही, प्रायमरी युनिट्समध्ये जाऊन पॉइंट करून घ्या. मला तर हे जाडीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, जाड रेघ बघून माणूस विचारायला तरी येतो.

कुपवाड_ड्राफ्टिंग
लेयर आणि ऑफसेट केलं, एका शीटवर प्रिंट काढली, फरक लगेच दिसतोय, फिटरलाही दाखवली. कॉमा पण होताच, 6,5 असं एका पिनवर होतं. पण काही डायमेन्शनांचा ऑफसेट हललाच नाही, स्टाईल तीच दाखवतंय तरी.

मिरज_कॅड
त्यांच्यावर कुणीतरी सुटी सेटिंगं मारलीत, ती स्टाईलपेक्षा वरचढ असतात. डिमओव्हरराईड कमांड द्या, सी दाबून क्लिअर, मग ती निवडा, स्टाईलवर येतील. तरी नाही आली तर क्लिक करून बघा, नुसती रेघ आणि अक्षरं सुटी निवडली जात असतील तर ते एक्स्प्लोड केलेलं (फोडून सुटे तुकडे झालेलं) डायमेन्शन आहे, ते पुसून नव्यानं द्या. एक्स्प्लोड केलेलं माप प्लेट ओढली तरी जुनाच आकडा दाखवत बसतं, ते शॉपमध्ये जाऊ देऊ नका.